नाताळला यायचं, पण कुणाच्या घरी?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका 34 वर्षांची, कोल्हापूरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. सहा वर्षांपासून डब्लिनच्या एका रुग्णालयात नर्स आहे. लग्न केलेलं नाही. या काळात दोनदा घरी आली, दोन्ही वेळा पावसाळ्यात. नाताळात रजा कधी मिळाली नाही, ती या वर्षी मिळाली: 18 डिसेंबर ते 4 जानेवारी. आनंदाच्या भरात तिनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या वर्षी सगळं पूर्वीसारखं’ म्हणून अकरा गोष्टींची यादी टाकली. घरच्या करंज्या, चकल्या, अनारसे, भट्टीवर भाजून आणलेली नानकटाई, कामट्यांची चांदणी, कॅरोल पार्टीला घरात बसवून चहा-फराळ, पंचविसाला घरचा तांबडा-पांढरा आणि सगळ्या नातेवाइकांना जेवण, वगैरे. त्यावर दादाचं उत्तर आलं, “तू पंधरा दिवस येणार आणि आम्हाला नाताळ शिकवणार काय?” वहिनी काहीच बोलली नाही. मग आईकडून कळलं, की चार वर्षांपासून फराळ बचत गटाच्या बायकांकडून येतो, रस्सा बाहेरून मागवतात, चांदणी प्लॅस्टिकची आहे आणि बाबा दहाला झोपतात. दोन वर्षांपूर्वी घराच्या स्लॅबसाठी हिनं साडेचार लाख पाठवले होते. आता तिकीटच लाखाच्या पुढं गेलंय. ती विचारते, एवढे पैसे घालून अशा घरी कशाला यायचं? त्यापेक्षा मे महिन्यात येऊ का? की येऊन हॉटेलात उतरू? शेवटी लिहिते, “निदान एक नाताळ तरी मला माझं घर तसंच सापडावं, एवढंच मागणं आहे.”

उत्तर:

पत्रात तू मला ‘मावशी’ म्हटलंयस, म्हणून मीही सरळ ‘तू’च म्हणते.

पुढं थोडं कडू बोलणार आहे, म्हणून आधी हे सांगते: तुझं मागणं मला अवास्तव वाटत नाही. कोल्हापुरात चोवीस तारखेच्या रात्री बारा वाजतात, तेव्हा डब्लिनमध्ये संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तू लिहिलंयस, की नाइट ड्यूटीला निघताना बसस्टॉपवर उभी राहून तू फोनवर दारातली कॅरोल ऐकायचीस आणि बस आली की दादाच म्हणायचा, “जा, तुझी गाडी चुकंल.” हे वाचल्यावर मी चष्मा काढून बाजूला ठेवला. बसस्टॉपवर उभं राहून सण ऐकणाऱ्या माणसानं ‘एकदा तरी सगळं हवं’ म्हटलं, तर त्यात हावरेपणा कसला?

पण मग तुझी यादी पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सील घेऊन. प्रत्येक कलमापुढं एवढंच लिहायचं ठरवलं, की हे काम करायचं कोण? अकरापैकी आठ ठिकाणी ‘आई’ आलं. चांदणीपुढं आजोबा, ते आता नाहीत. नानकटाईचे ट्रे सायकलवरून भट्टीवर न्यायचा दादा. तुझं नाव दोनदाच आलं: घोटीव कागदाला खळ लावताना आणि तळणातली फुटलेली करंजी खाताना. रागावू नकोस. घरातल्या धाकट्या लेकीचं काम तेच असतं आणि ते तू चोख केलंस. पण तू जे मागते आहेस ते घर नसून त्या घरातली तुझी जागा आहे, असं मला दिसतं. ती जागा आता तुझ्या भाच्यांकडं गेलीय.

करंजीवरनं एक आठवलं. राजारामपुरीत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडं जायचं, नाताळात त्यांचं आमच्याकडं यायचं. ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून आई त्यात साखर तरी घालून पाठवायची. असंच एकदा रात्री अकराला मी ताट द्यायला गेले, तर काकू स्टोव्हपुढं पाय पसरून बसलेल्या. एक पाऊल सुजलेलं. परातीत ओल्या फडक्याखाली अजून शंभरएक करंज्या तळायच्या होत्या. माझ्या मनात त्या घरचा नाताळ म्हणजे खुसखुशीत करंजी. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांची लेक भेटली, तर ती म्हणाली, “मला आठवतं ते एवढंच, की पंचविसाला सकाळच्या उपासनेत आई पेंगायची आणि पाळकसाहेबांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी तिला कोपरानं ढोसायची.” त्याच करंज्या, त्याच वर्षीच्या. तुझ्या आईला एकदा विचारून बघ, तिला त्यातलं काय आठवतं. गुडघ्यांचंच काहीतरी निघालं, तर नवल वाटून घेऊ नकोस.

आता वहिनीकडं वळू. तुझ्या पाच पानी पत्रात तिला दीड ओळ मिळालीय, ‘वहिनी काहीच बोलली नाही’. मला तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली. ती नोकरी करते, दोन पोरं बघते आणि तुझ्या बाबांना दर महिन्याला डॉक्टरकडं नेते, हे सगळं तूच लिहिलंयस, फक्त वेगवेगळ्या पानांवर. आता हिशेब बघ. तुझ्याकडं आयर्लंडमध्ये 25 आणि 26 डिसेंबर, दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या. इथं सुट्टी एकच, पंचवीस तारखेची. सव्वीसला दादा डबा घेऊन कामावर आणि वहिनीही. पोरांच्या शाळेला नाताळची सुट्टी आहे की नाही, ते शाळेवर अवलंबून. म्हणजे तुझे मोकळे अठरा दिवस हे त्यांचे कामाचे अठरा दिवस आहेत आणि त्यातल्या एका सुट्टीत त्यांनी अकरा कलमं उरकायची. परदेशातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक होते. विमानातून उतरणाऱ्याला वाटतं, आपण सुट्टीवर आलो म्हणजे गावालाही सुट्टी लागली.

वहिनी गप्प बसली, कारण ती काहीही बोलली असती तरी ‘सून म्हणून बोलली’ असंच झालं असतं. दादा बोलला. बोलायची पद्धत वाईट होती, यात शंका नाही. पण वाक्य उलटं करून बघ. तुझ्या यादीतलं ‘पूर्वीसारखं’ त्याला ‘तुम्ही सांभाळलं नाही’ असं ऐकू आलं असेल. आई-बाबांचं सगळं करणाऱ्या माणसाला हे फार लागतं. त्यात यादी आली ती ग्रुपवर, जिथं मिरजेची आत्या आणि सांगलीचे काकाही वाचतात.

आता पैशाचं. स्लॅबचा उल्लेख तू पत्रात तीन वेळा केलायस आणि तिन्ही वेळा ‘मी काही काढून दाखवत नाही, पण’ असं म्हणत. अगं, ते काढून दाखवणंच झालं. साडेचार लाख लहान रक्कम नाही, नाइट ड्यूट्यांचे पैसे आहेत ते. पण ते देताना तू काय म्हणाली होतीस? भेट म्हणून दिले असतील, तर स्लॅब पडला तिथं विषय संपला. घरात हिस्सा म्हणून दिले असतील, तर दादाशी, बाबांशी नीट बसून, कागदावर बोल, आणि नाताळच्या आठवड्यात तर मुळीच नको. या दोन्हींच्या मधलं काहीतरी मनात ठेवून बसलीस, तर आतून कुढशील आणि बाहेरून चकल्यांवर भांडशील. मी अशी भांडणं कितीतरी पाहिलीत. नाव चकलीचं असतं आणि भांडण सात-बाऱ्याचं.

‘पूर्वीसारखं’ या शब्दावरही थोडं बोलायचंय. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. त्या अमेरिकन माणसाच्या नाताळात करंजी नव्हती, चकली नव्हती आणि पांढरा रस्सा तर नव्हताच. हे सगळं इथल्या बायकांनी घातलं. घराचा धर्म बदलला म्हणून कढई बदलायची गरज त्यांना वाटली नाही. उपासनेचंही तसंच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंगाच्या वळणानं ख्रिस्तभक्तीची पदं लिहिली आणि तुमच्या मंडळीत ती आजही टाळ-पेटीवर म्हणतात. ती पहिल्यांदा म्हटली, तेव्हा ‘हे काय भजन लावलंय’ म्हणून नाक मुरडणारं कुणीतरी असणारच. तुझ्या आजोबांची चांदणी तरी कुठली? दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच कामट्या, तोच कागद, तीच खळ, फक्त कोपरे पाच. म्हणजे तुझं ‘पूर्वीचं’ हे कुणाच्या तरी काळी नवंच होतं. बचत गटाच्या करंजीकडं जरा या नजरेनं बघ. शिवाय त्या बायकांचं डिसेंबरचं घरभाडं त्यातून निघत असेल, हा मुद्दा वेगळाच.

मग यायचं की नाही? ये. तिकीट काढ.

मे महिन्याचा विचार मीही करून पाहिला. त्याची बाजू अगदी पडकी नाही. मेमध्ये पोरांना खरी सुट्टी असते, दादाला रजा मिळणं सोपं जातं, आंबा असतो आणि विमानाचं तिकीट डिसेंबरच्या मधल्या पंधरवड्याइतकं चढलेलं नसतं. ज्यांना नुसतं घरच्यांना निवांत भेटायचंय, त्यांना मी मेच सांगेन. पण तुझी तहान त्यानं भागणार नाही. आणि एकदा ‘नको, मी येत नाही’ म्हणालीस, की पुढचा नाताळ आणखी अवघड होईल. बाबा 73 वर्षांचे आहेत. यापुढं यावर काही लिहीत नाही, तू नर्स आहेस.

हॉटेलाचं म्हणशील, तर त्यात मुळात पाप नाही. दोन खोल्यांच्या घरात जावई, लेक, दोन नातवंडं आणि त्यांच्या सहा बॅगा येणार असतील, तर रात्री झोपायला हॉटेलात जाणं हे शहाणपणच. पण ते महिनाभर आधी, जागेचं कारण सांगून ठरवायचं असतं. तू आत्ता हॉटेल घेतलंस, तर ते दादाच्या वाक्याला दिलेलं उत्तर होईल. भाऊबंदकीत असली उत्तरं वर्षानुवर्षं पुरतात. आणि आईला शेजारणींना काय सांगावं लागेल, याचाही विचार कर.

इथं जरा बाकीच्या वाचकांशी बोलते. डिसेंबरात कोल्हापुरात उतरणारे सगळे काही ख्रिस्ती नसतात. तिकडची ऑफिसं याच दिवसांत बंद असतात, म्हणून आमची निम्मी परदेशी पोरं नाताळातच येतात. माझी मुलगीही. ती पहिल्यांदा जर्मनीतून आली, तेव्हा मी डिसेंबरात दिवाळी केली होती. उटणं, चिवडा, लाडू, पहाटे उठवणं, सगळं. बिचारी झोपेत डोलत अभ्यंगस्नानाला बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, “आई, मला नुसती पिठलं-भाकरी दे आणि झोपू दे.” मी दोन दिवस फुगून बसले होते. म्हणजे ‘पूर्वीसारखं’चा रोग इकडच्या बाजूलाही असतो. तुमच्या घरी नाताळ असो वा नसो, येण्याआधी दोन्हीकडच्यांनी एकमेकांना एक साधा प्रश्न विचारावा: या भेटीत तुला एकच गोष्ट मिळाली तर कोणती हवी? उत्तरं ऐकून हसू येतं. माझ्या मुलीचं उत्तर होतं, रंकाळ्यावर बाबांच्या मागं स्कूटरवरनं एक चक्कर.

तर तुझी एकच गोष्ट कोणती? अकरांतून मला विचारशील, तर मी चांदणी निवडेन. त्याला तळण नाही, कुणाचे गुडघे लागत नाहीत आणि ते काम येणारा आता त्या घरात कुणी उरला असेल, तर ती तू. कामट्या आणि कागद बाजारात मिळतात, खळ घरी शिजते. भाच्यांना घेऊन बस. वाकडी झाली तर वाकडी टांग. प्लॅस्टिकची काढायला सांगू नकोस, तिच्या शेजारी लाव. करंज्याच हव्या असतील तर पंचवीस कर, तीनशे नको. तू लाट, तू भर, तू तळ. आईला खुर्चीवर बसवून नुसतं ‘पारी जाड झाली’ म्हणू दे. बाकी फराळ जिथनं येतो तिथनं येऊ दे. रस्साही येऊ दे. पंचविसाला सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहणं हा दादाचा सण नाही.

येण्याच्या तारखा चांगल्या आहेत. अठराला निघालीस तर एकोणीस-वीसला घरात येशील. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरलीस, तर सकाळी कोल्हापुरात उतरता येतं. कुणाला रात्रभर गाडी हाणत तुला आणायला पाठवायला लावू नकोस. डिसेंबरात गाळप जोरात असतं आणि उसाच्या ट्रॉल्यांमधनं अंधारात गाडी काढणं हा खेळ नाही. पहिले दोन दिवस झोप. कुणाकडं जाऊ नकोस. नातेवाइकांना पंचविसाच्या जेवणाऐवजी अठ्ठावीसच्या आसपास एका संध्याकाळी चहाला बोलव. चहा, बचत गटाचा फराळ, कागदी डिश. ज्यांना यायचं ते येतील. घरोघरी फिरण्यात तुझे सात दिवस जातील आणि प्रत्येक घरी पोहे खाऊन पोट बिघडेल ते वेगळंच.

एक विनंती तुझ्या धंद्याविषयी. बाबांच्या गोळ्यांचा डबा पहिल्या दिवशी उघडू नकोस. तुझा हात तिकडं जाणार, मला माहितीय. उघडलास, की तुला तीन चुका दिसतील आणि तिन्ही वहिनीच्या नावावर पडतील. नाताळ होऊ दे. मग एक दिवस वहिनीलाच विचार, “डॉक्टरांकडं या वेळी मी नेऊ का बाबांना? काय काय सांगायचं असतं ते तू मला लिहून दे.” ती काय काय सांभाळते हे तुला त्या कागदावरनं कळेल.

आणि त्यांच्यासाठी काही आणायचं असेल, तर चॉकलेटं आण, पोरं खातील. पण खरी भेट म्हणजे दोन दिवस. एखादा शनिवार-रविवार धर आणि दादा-वहिनीला सांग, “पोरं, आई-बाबा, घर, सगळं माझ्याकडं. तुम्ही दोघं जा.” पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, कोकणात उतरायचं तर तेही जवळच. ते दोघं शेवटचे असे कधी गेले होते, हे तुझ्या पत्रात नाही. बहुतेक त्यांनाही आठवणार नाही. त्या दोन दिवसांत सकाळी बाबांबरोबर गंगावेशीत धारोष्ण दुधाला जा, चर्चच्या आवारात बस, काहीही कर. घर तुझ्या हातात असेल. पाहुणी म्हणून ते सापडत नाही, भांडी घासताना कधी कधी सापडतं.

शेवटच्या संध्याकाळी आई विचारेल, “कायमची कधी येणार?” त्यासाठी तयारी ठेव. ‘बघू’ म्हणू नकोस, ‘बघू’वर आया वर्षानुवर्षं काढतात. ठरलं नसेल तर ‘ठरलं नाही’ असंच सांग. यायचं नसेल तर तेही सांग, पण पुढची भेट कधी ते तारखेसकट सांग.

या सगळ्याआधी एक फोन करायचा आहे आणि तो वहिनीला. यादी मागं घेतली असं ग्रुपवर लिहू नकोस, दादाचं वाक्यही काढू नकोस. इतकंच म्हण, “मी न विचारता यादी टाकली, माझं चुकलं. या वर्षी तुला पंचविसाला काय करायला आवडेल?” आणि मग गप्प बस. ती आधी “काही नाही, तुम्ही म्हणाल तसं” म्हणेल. तरी गप्प बस. फोन तुझ्या दुपारी चारला कर, म्हणजे इथं साडेनऊ वाजलेले असतील, भांडी आवरलेली असतील आणि बाबा झोपायच्या तयारीत असतील. त्याआधी करू नकोस. तिचे हात कणकेत असतील आणि फोन दादा उचलेल.